सॅलच्या काचेवरचं नाव

शेवटचं अक्षर पुरं करायला मी सॅल न्हाव्याच्या दुकानाच्या काचेला आतून ब्रश टेकवला, आणि काचेपलीकडे, भुरभुर पावसात, ज्याचं नाव रंगवत होते तोच येऊन उभा राहिला. एमेट पल्लादिनो. त्याचं नाक बरोबर त्या ‘ओ’च्या पोकळीत.

माझा हात घसरला. पिवळ्या रंगाचा एक ओघळ थेट खालच्या चौकटीपर्यंत गेला.

तो बाहेरून काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. मग त्याने बोटाने काचेचा खालचा कोपरा दाखवला आणि भुवया उंचावल्या.

मी स्टुलावरून उडी मारली, दार उघडलं. “काय आहे?”

“तुझ्या चिमणीचं शेपूट असं वाकडं का?”

प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात मी एक छोटी चिमणी काढते. माझी सही म्हणा. मेन स्ट्रीटवरच्या बाराही दुकानांच्या काचा मीच रंगवते, आणि आजवर कुणी माकडाने त्या चिमणीकडे बघितलं नव्हतं.

“तशीच असते ती,” मी म्हटलं.

“सगळ्या दुकानांत? फुलवालीकडे पण वाकडं, हार्डवेअरवाल्याकडे पण वाकडं...”

“तुला काय करायचंय? नाव बघ ना स्वतःचं. किती मोठं काढलंय.”

“नाव काय, दोन वर्षं बघतोय,” तो म्हणाला, आणि माझ्या बाजूने आत शिरला. ओल्या जॅकेटचा वास आला. गॅरेजच्या टायरचा पण. त्याच्या बापाचं टायरचं गॅरेज आहे, दुपारी तो तिथे काम करतो. “सॅल, केस कापायचेत.”

सॅलने चष्म्यावरून बघितलं. सत्तरीचा म्हातारा, पण कात्री अजून अशी चालवतो की कानाला वारा लागतो. “पोरा, गेल्या बुधवारी कापले. त्याच्या आधीच्या बुधवारी पण. आता काय, डोक्याची कातडी काढू?”

“थोडे... कडेचे,” एमेट म्हणाला. आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. मी लगेच ब्रश बुचकळला. रंगात नाही, चहात.

आमच्या कार्व्हर्स बेंड गावाची एक रीत आहे. शुक्रवारी संध्याकाळी आयर्नमेनची मॅच असते, हातात चेंडू घेऊन पळायच्या फुटबॉलची. आयर्नमेन म्हणजे आमच्या हायस्कूलची पोरं, पण पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून गावाकडे दुसरं आहेच काय? सगळ्या काचांवर खेळाडूंची नावं चढतात, पण सॅलची काच सगळ्यात मोठी, ती फक्त क्वार्टरबॅकची. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, आणि अंगावर पाच पहिलवान धावून येत असताना तो कुणाला द्यायचा ते त्याने ठरवायचं. गुरुवारी पाच वाजता टीम मेन स्ट्रीटवरून चालत जाते, आणि क्वार्टरबॅक स्वतःच्या नावाखाली काचेवर दोनदा टकटक करतो. सॅलचा बाप होता तेव्हापासून.

आणि दुसरी रीत म्हणजे, कोच बुधवारी तीन वाजता यादी लावतो, त्यानंतरच नाव रंगवायचं. मी दोन वाजता सुरू केलं होतं. दोन वर्षं तेच नाव होतं, म्हटलं वाट कशाला बघा?

रंगवायचं आतून, म्हणजे पावसाने धुऊन जात नाही. त्यामुळे अक्षरं उलटी काढावी लागतात. शाळेत माझी अक्षरं आपोआप उलटी पडायची. बाई वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवायच्या. एक दिवस मी ती वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि घरी आले ती आलेच. त्याला आता दीड वर्ष झालं. मला अठरा पूर्ण झाली आणि बाराही दुकानदार मला नावाने ओळखतात, बस.

सॅलने एमेटची डावी बाजू उरकली आणि उजवीकडे वळला, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. लेनी पोस्टमन. टपालाची पिशवी अर्धी खांद्यावर, अर्धी जमिनीवर.

“यादी लागली!” तो धापा टाकत म्हणाला. “पल्लादिनो नाही!”

“काय नाही?” सॅल म्हणाला.

“सुरुवात पल्लादिनो करणार नाही! कोचचं डोकं फिरलंय! दुसऱ्याच कुणाला—” आणि मग त्याला खुर्चीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला एमेट दिसला. लेनीचं तोंड उघडंच राहिलं.

कात्री थांबली. रेडिओवर कुणीतरी ट्रकची जाहिरात गात होतं.

“कुणाला?” मी ओरडले. “लेनी, नाव सांग! कोण तो गाढव? हाताला भोकं पडलेली असतील त्याच्या! एमेटला बसवून दुसऱ्याला? कोचला दिसत नाही का? आंधळा आहे का? कोण तो?”

लेनी माझ्याकडे बघत राहिला. फार विचित्र बघत राहिला.

“ह्रिव्हनाक,” तो म्हणाला.

मी हसले. खरंच हसले, कारण ह्रिव्हनाक तर माझंच आडनाव. “कोण?”

“मायलो ह्रिव्हनाक. सोळा नंबर. तुझा भाऊ, पोरी.”

माझा भाऊ! पंधरा वर्षांचा! घरी दुधाचा कॅन पकडता येत नाही धड त्याला, सकाळीच फ्रीजसमोर सांडलं होतं. मला वाटलं स्टूल हललं. पण मी स्टुलावर नव्हतेच.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी एमेटकडे बघितलं, आरशातून, कारण सरळ बघायची हिंमत नव्हती. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, त्या कापडासारखा. डावीकडचे केस कापलेले, उजवीकडचे तसेच. त्याने सावकाश गळ्यामागची गाठ सोडली, कापड झटकलं, घडी करून खुर्चीवर ठेवलं.

“अरे, अर्धेच झालेत...” सॅल म्हणाला.

“राहू दे,” एमेट म्हणाला.

आणि गेला. काचेबाहेरून, स्वतःच्या नावाखालून, मान खाली घालून गेला. टकटक न करता.

घरी पोचले तर मायलो बाथटबमध्ये बसलेला. कोरड्या टबमध्ये, बुटांसकट.

“कधीपासून माहीत होतं तुला?”

“सोमवार.”

“सोमवार! आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू ओरडशील म्हणून.”

“मी कशाला ओरडेन?” मी ओरडले.

त्याने गुडघ्यात डोकं घातलं. “डॅनी, मी मागितलं नव्हतं गं. कोच म्हणाला तू फेकतोस तसं कुणी फेकत नाही. मला वाटलं गंमत करतायत. आज यादी लागल्या लागल्या कुणीतरी माझ्या दप्तरात दूध ओतलं. आणि उद्या... उद्या ती टकटक. सॅलच्या काचेवर त्याचंच नाव असलं ना, तर मी तिथूनच मागे फिरेन. शपथ. परत कधी मैदानावर जाणार नाही.”

तो खरंच फिरला असता. मला माहीत आहे, कारण मी पण तशीच फिरले होते, आणि दार आपटून. नंतर रोज सकाळी शाळेची बस गेली की मी ती वळेपर्यंत खिडकीत उभी राहायचे. अजून राहते. मायलोचं तसं मला होऊ द्यायचं नव्हतं.

पण म्हणजे उद्या मला ते नाव खरवडून काढावं लागणार होतं. माझ्या हाताने. आणि तिथे माझंच आडनाव. आणि ज्याचं खरवडायचं तो... त्याच्यासमोर मी परत कशी उभी राहणार होते? रात्रभर मी कूस बदलत होते. सारखे ते अर्धे केस डोळ्यांसमोर.

गुरुवारी तीन वाजता मी पातं आणि रंगाचे डबे घेऊन गेले, तर सॅलच्या दुकानात बसायला जागा नाही. केस कुणालाच कापायचे नव्हते. सगळे भांडायला आले होते.

“पोरगा नव्वद पौंडांचा नाही,” लेनी म्हणत होता. “पहिल्या धडकेत उचलून नदीत टाकतील त्याला.”

“पण हात बघितलास का त्याचा?” शेजारची फुलवाली बर्निस म्हणाली. “मी सरावाला जाते रे, तुझ्यासारखी नुसती टपाल वाचत नाही. चाळीस यार्ड फेकतो, आणि चेंडू असा उतरतो, जसा कुणी अंड्यावर अंडं ठेवावं.”

“सरावाला कुणीपण फेकतं!”

“तुझ्या पल्लादिनोने गेल्या शुक्रवारी तीनदा चेंडू पलीकडच्यांच्या हातात दिला, तो पण सराव होता काय?”

“हात धुक्यात ओला होता त्याचा!”

“बर्निस, तू आधी पल्लादिनोच्या नावाने रडायचीस,” सॅल म्हणाला.

“आता थांबले रडायची. माझे डोळे, माझी मर्जी!”

मी पातं काढलं तसा सॅल काचेसमोर आडवा झाला. “नाही. काच माझी आहे, डॅनिका. दोन वर्षं त्या पोराने या गावाला हसवलं. मी ते नाव खरवडू देणार नाही.”

“मिस्टर सॅल, यादी लागलीय. रीत तुमच्याच बापाची आहे.”

“कालच तू म्हणालीस, कोण तो गाढव!”

सगळे हसले. माझं डोकं सणकलं. “हो, म्हणाले! आज परत म्हणते, तो गाढवच आहे, बुटांसकट बाथटबमध्ये बसतो! पण तो पाच वाजता इथून चालत जाणार आहे, आणि तुम्ही सगळे मिळून एका पंधरा वर्षांच्या पोराला घाबरवताय. लाज वाटत नाही? लेनी, तू तर त्याच्या बारशाला केक खाल्लास!”

“मी घेतो ते,” मागून कुणीतरी म्हणालं.

एमेट. दारात. केस अजून तसेच, अर्धे. त्याने माझ्या हातातलं पातं काढून घेतलं. बोटाला बोट लागलं. त्याचं बोट थंडगार होतं.

सॅल बाजूला सरकला.

मी मात्र एमेटला बाहीला धरून मागच्या पडवीत ओढलं, जिथे सॅल टॉवेल वाळत घालतो. “हे बघ, मला कुणाचे उपकार नकोत. समजलं? तू कोचला जाऊन सांगितलंस का? की याला घ्या, बिचारा, त्याची बहीण बिचारी... तसं असेल ना तर हा रंगाचा डबा तुझ्या डोक्यावर—”

“डॅनी.”

“काय!”

“मी तसं काही केलेलं नाही.” तो टॉवेलकडे बघत होता. “मी काही एवढा चांगला नाहीये. काल घरी जाऊन मी गॅरेजमध्ये एका टायरला इतक्या लाथा मारल्या, की अंगठा सुजलाय. हे बघ, बूट घालता येत नाहीये नीट. मला तुझ्या भावाचा राग आला. कोचचा आला. तुझा पण आला, थोडा. दुसरं कुणी असतं तर मी आज इथे फिरकलो पण नसतो.”

“मग आलास कशाला?”

“कारण तो माझ्यापेक्षा चांगला फेकतो.” हे बोलताना त्याचा आवाज जरा फाटला. “मी रोज त्याच्या शेजारी उभा राहून फेकतो, मला माहीत असणार ना? गावाला नंतर कळेल. मला ऑगस्टपासून माहीत आहे. आणि... ते नाव तू काढलेलं आहेस. दुसऱ्या कुणी खरवडलेलं मला चाललं नसतं. तू खरवडलेलं तर अजिबातच नाही.”

मी दोरीवरचा एक टॉवेल ओढला आणि ओलाच घडी घालायला लागले.

तो काचेशी गेला आणि उलट्या बाजूने सुरुवात केली, ‘ओ’पासून. रंगाच्या पिवळ्या साली वळून वळून खाली पडत होत्या. बर्निसने नाक पुसलं. लेनी टोपी काढून उभा होता, जसं काही कुणाची प्रेतयात्राच चाललीय. एकेक अक्षर गेलं. काच रिकामी झाली, आणि बाहेरचा राखाडी रस्ता सगळा आत आल्यासारखा वाटला.

मग एमेट गुडघ्यावर बसला. कोपऱ्यापाशी. चिमणीपाशी.

“हे पण काढू?” त्याने हळूच विचारलं, फक्त मला ऐकू जाईल असं.

“ती सही आहे माझी. राहू दे.”

“नाही... मी काय म्हणतो... सात नंबर आता क्वार्टरबॅक नाहीये ना.”

माझ्या कानांतून वाफ निघाली. खरंच सांगते, मला माझ्याच कानांचं तापणं ऐकू आलं.

“कुठला सात? चिमणी आहे ती.”

“शेपूट सात आहे. बाराच्या बारा काचांवर सात आहे. सप्टेंबरपासून मोजतोय मी.” आणि वर बघून, त्या अर्ध्या केसांखालून, तो पहिल्यांदा हसला. “माझा नंबर मला ओळखू येणार नाही का?”

“ए, पावणेचार झाले!” बर्निस ओरडली. “रंगवायचंय ना?”

देवाने पाठवली बर्निसला. मी स्टुलावर चढले. एमेटने स्टूल धरलं, गरज नसताना. मी माझं आडनाव कधी काचेवर काढलं नव्हतं. शाळेच्या यादीतून ते खोडलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं, लाल शाईने, सरळ रेघ. आता ते गावातल्या सगळ्यात मोठ्या काचेवर, हाताएवढाल्या अक्षरांत. पहिलीच रेघ वाकडी गेली.

“सावकाश,” खालून आवाज आला. “पाच पहिलवान धावून येत नाहीयेत.”

“तू गप.”

पण दुसरी रेघ सरळ आली.

पाच वाजता ढोल ऐकू आले. टीम वळणावरून आली. मायलो सगळ्यांच्या पुढे, हेल्मेट काखेत, चेहरा हिरवट. फुटपाथवर गाव उभं, आणि टाळी कुणाचीच नाही. तो काचेसमोर आला. नाव बघितलं. आत मला बघितलं. मग रांगेतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “वाजव ना, ह्रिव्हनाक, भूक लागलीय!” एमेट होता तो. दुसऱ्या रांगेत, लंगडत.

टक. टक.

शुक्रवारी मैदानावर मी आईबरोबर तिसऱ्या ओळीत बसले होते. आईने नखं खाल्ली, मग माझी पण खायला घेतली. मायलोचा पहिला पास... पहिलाच! चेंडू छान गोल फिरत गेला आणि सरळ पलीकडच्या टीमच्या पोराच्या छातीवर विसावला. अख्ख्या स्टँडमधून एकच “आ!” निघाला, जसं कुणी सगळ्यांच्या पोटात गुद्दा मारला. मागून लेनी ओरडला, “पल्लादिनो! पल्लादिनोला आणा!” मग सगळेच ओरडायला लागले. सात! सात! सात!

मी उठून लेनीच्या मक्याच्या लाह्या त्याच्याच डोक्यावर उपड्या केल्या. त्या गडबडीत मागे वळून बघते तर मायलो मैदानाच्या कडेला नुसता उभा. मैदानाच्या फाटकाकडे बघत होता. मला ती नजर ओळखू आली. आता फिरणार हा...

बाकावरून एमेट उठला. कोच बस म्हणत होता तरी उठला. लंगडत गेला, मायलोच्या हेल्मेटची जाळी धरली, स्वतःचं कपाळ तिला टेकवलं आणि काहीतरी बोलला. चार-पाच वाक्यं असतील. स्टँड एकदम गप्प झालं. ज्याच्या नावाने ओरडत होते तोच तिथे उभा राहून दुसऱ्याला परत आत ढकलत होता, आता ओरडणार तरी काय?

मायलो परत आत गेला.

आम्ही हरलो. चार गुणांनी. पण शेवटून दुसरा तो पास! अंगावर दोघं लोंबकळत असताना, पडता पडता, मैदानाच्या या टोकापासून... अंड्यावर अंडं. माझ्या आईने बर्निसला मिठी मारली, नुसती तोंडओळख असताना. आणि लेनी, डोक्यात लाह्या तशाच, शेजारच्याला सांगत होता, “मी बुधवारीच म्हणालो होतो, पोराचा हात बघा!”

मी कुंपणापाशी गेले. एमेट खांद्यावर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन येत होता. हेल्मेट काढलेलं. ते केस... एका बाजूने गवत कापलेलं, दुसऱ्या बाजूने रान.

“काय सांगितलंस त्याला?” मी विचारलं.

“काही नाही.”

“सांग नाहीतर कुंपणावरून येते.”

“म्हटलं, तुझी बहीण तिसऱ्या ओळीत आहे. तू आत्ता पळून गेलास तर ती तुला मारेल, आणि मग तुला थांबवलं नाही म्हणून मला मारेल. आणि मला तिच्याशी भांडायचं नाहीये.” तो थांबला. बाटल्या खाली ठेवल्या. “मला तिच्याशी... वेगळंच बोलायचंय. बरेच दिवस. दर आठवड्याला ठरवून जातो आणि नुसते केस कापून परत येतो.”

मला एकदम सगळं दिसलं. गेल्या बुधवारी. त्याच्या आधीच्या बुधवारी. सॅलची कुरकुर. आणि बुधवारी दुपारी सॅलच्या दुकानात असतं कोण? स्टुलावर चढून?

“तू... माझ्यासाठी...? अरे, टक्कल पडायची वेळ आली होती तुला!”

“आणि तू बारा चिमण्यांची शेपटं मोडलीस.”

मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणी पण येत होतं, आणि दोन्हीचा राग येत होता. मी कुंपणाच्या जाळीतून हात घातला आणि त्याचे उजवीकडचे केस धरून ओढले. जोरात नाही.

“हे कापून का नाही घेतलेस? दोन दिवस वेड्यासारखा फिरतोयस. अख्खं गाव हसतंय.”

त्याने माझा हात तिथेच धरून ठेवला, केसांवर.

“आता काचेवर माझं नाव नसणार,” तो म्हणाला. “मग बुधवारी यायला काहीतरी कारण नको?”